डिझेल संपलेला ट्रक नुसता सेल्फ मारून उचलत नाही

ट्रकचालकांमध्ये एक सल्ला फिरतोय: "डिझेल संपून गाडी बंद पडली तर कॅनने पाच लिटर टाका आणि उचलेपर्यंत सेल्फ मारा. नाहीच उचलली तर नोझलचे (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोंडांचे) पाइप ढिले करा, नाहीतर एअर फिल्टरमध्ये स्टार्टिंग स्प्रे मारा." हा सल्ला ऐकून पंप, सेल्फ किंवा हात गमावू नका, म्हणून हे लिहितोय.

पाच लिटर पुरत नाहीत. ट्रकची टाकी मोठी, त्यामुळे एवढं डिझेल तळाशी नुसतं पसरतं. गाडी घाटात किंवा साइडपट्टीवर कललेली असेल तर ते सक्शन पाइपच्या तोंडापर्यंत पोचतही नाही. वीस-पंचवीस लिटर तरी टाका.

सगळ्यात जास्त नुकसान करतो तो उचलेपर्यंत सेल्फ मारत राहण्याचा सल्ला. टाकी कोरडी पडली की लाइन, फिल्टर आणि पंप एअर धरतात. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. म्हणून पंप कितीही फिरला तरी नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. कॉमन रेल गाडीत (जिथे सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं) तर रेलमध्ये ठराविक दाब आल्याशिवाय ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, इंजेक्टर उघडतच नाही. तोवर बॅटऱ्या उतरतात, सेल्फ तापून जळतो. शिवाय त्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. कोरडा फिरवला की तो घासतो आणि धातूचा कीस पुढे इंजेक्टरमध्ये जातो.

आधी एअर काढा. फिल्टरवरचा एअर स्क्रू ढिला करा, हँड प्रायमर (डिझेल ओढायचा हातपंप) मारत राहा. सुरुवातीला फेस येईल. बुडबुडे थांबून सलग धार आली की स्क्रू कसा आणि प्रायमर कडक लागेपर्यंत मारा. मगच सेल्फ, तोही एका वेळी दहा-पंधरा सेकंद. मध्ये दोनेक मिनिटं थांबा.

पाइप ढिले करण्याचा सल्ला जुन्या इनलाइन पंपाच्या (प्रत्येक नोझलला पंपातून वेगळा पाइप असलेल्या) गाड्यांसाठी बरोबर होता. मिस्त्री तसंच करायचे. पण 1 एप्रिल 2020 पासून नवे ट्रक बीएस-6 (प्रदूषण मानक) आहेत आणि त्यांत कॉमन रेल असते. तिथे दाब 1,600 बार आणि त्याहून वर जातो. त्या धारेने डिझेल कातडीतून आत घुसतं. वरून सुई टोचल्याएवढी खूण दिसते, पण आत बोट सडू शकतं आणि तातडीने शस्त्रक्रिया लागते. कॉमन रेलच्या हाय प्रेशर पाइपला रस्त्यावर पाना लावू नका.

स्प्रेने हवा निघत नाही. त्यातला ईथर वेळेआधी पेटून पिस्टन, रिंगा फुटू शकतात. इंजिनाला हीटर किंवा ग्लो प्लग असेल तर मॅनिफोल्डमध्येच (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीत) भडका उडू शकतो.

एअर काढूनही गाडी सुरू होऊन पुन्हा बंद पडत असेल तर टाकीतळाच्या गाळाने फिल्टर चोंदलाय का पाहा, वॉटर सेपरेटरमधलं पाणी सोडा. मग टाकी ते फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) ही लाइन तपासा: चिरलेला होज, बसलेला वॉशर. ही बाजू ओढीची असल्याने इथे डिझेल गळताना दिसेलच असं नाही, हवा मात्र आत येत राहते.