+९१ दिसला म्हणजे घरचा फोन नव्हे

विट्याच्या मावशीनं दोन दिवस पोटच्या पोराचा फोन उचलला नाही. तो दुबईत असतो, नंबर +९७१ नं सुरू होतो. आणि तिच्या भजनी मंडळाच्या ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘+३७५, +३७१ असले परदेशी नंबर उचलू नका, ३ सेकंदांत कॉन्टॅक्ट आणि बँकेची माहिती कॉपी होते. #९० दाबलं की सिम हॅक. +९१ असेल तर बिनधास्त बोला. ट्रूकॉलरवर पोलीस दिसलं तर पोलीसच.’

त्याच दोन दिवसांत +९१ वाल्या एका ‘साहेबा’शी मात्र ती पाऊण तास बोलत बसली. पार्सलमध्ये काहीतरी सापडलंय, अटक होईल, कुणाला सांगू नका. मी पोचलो तेव्हा पासबुक मांडीवर उघडं होतं. विचारलं तर म्हणाली, "आरं, +९१ होता की! आणि नाव पण पोलिसाचंच आलं."

म्हणून हे लिहितोय.

नुसता फोन उचलल्यानं काही कॉपी होत नाही. #९० ची भानगड ऑफिसांतल्या जुन्या एक्स्चेंजची, मोबाइलचा तिच्याशी संबंध नाही. एवढं मात्र मान्य: अनोळखी परदेशी मिस्ड कॉलला उलट फोन लावू नये. आयएसडीचं बिल बसतं, आणि त्यातला वाटा कधी कधी त्या भामट्यालाच जातो. पण म्हणून मुलाचा फोन घ्यायचा नाही?

आता ते +९१. स्क्रीनवर दिसणारा नंबर पाकिटावरच्या ‘प्रेषक’सारखा असतो. पाठवणारा लिहील तो. इंटरनेटवरून फोन लावणाऱ्याला तिथं हवा तो नंबर भरता येतो, पोलीस ठाण्याचासुद्धा. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागानं असे फोन अडवणारी यंत्रणा सुरू केली. पहिल्या २४ तासांत १ कोटी ३५ लाख फोन अडवले. परदेशातून भारतीय नंबर दाखवत येणाऱ्या फोनपैकी हे ९० टक्के होते! शिवाय इथलीच सिमकार्डं यंत्रात घालून बाहेरचे फोन फिरवतात, तिथं तर नंबरही खराच भारतीय असतो. कुठल्या तोंडानं लिहिता ‘बिनधास्त बोला’?

ट्रूकॉलरवरचं नाव बऱ्याचदा लोकांनीच दिलेलं असतं. पोलिसाचा फोटोही कुणालाही लावता येतो. आणि फोनवर, व्हिडिओवर अटक करायची सोय कुठल्याच कायद्यात नाही. ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणजे निव्वळ थाप.

असा फोन आला की कापायचा. बँकेचं नाव सांगितलं तर पासबुकावरचा नंबर आपण स्वतः लावायचा. पोलीस म्हणाला तर गावच्या ठाण्यात जाऊन विचारायचं. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनला फोन लावायचा, कारण पैसे पुढच्या खात्यांत पांगले की अडवणं अवघड. पैसे गेले नसतील तरी दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ वेबसाइटवरच्या ‘चक्षू’ या सोयीत त्या नंबरची तक्रार करता येते.

मावशीच्या पासबुकाच्या पहिल्या पानावर १९३० ठळक लिहून दिलाय. मुलाचा नंबरही नावानं सेव्ह करून दिला. ग्रुपवरचा तो मेसेज अजून तसाच आहे. ज्यांनी टाकला त्यांनी आजच काढावा.