सल्फेटचे दुहेरी बंध : एका प्रतिक्रियेला उत्तर

'सल्फेटच्या आकृतीतले दोन दुहेरी बंध साफ चूक आहेत, गंधक डी-ऑर्बिटल वापरत नाही हे केव्हाच सिद्ध झालंय, असल्या मास्तरांमुळेच पोरं घोकंपट्टी करतात,' असं आपण इलेक्ट्रॉन-ठिपक्यांच्या आकृत्यांवरच्या माझ्या लेखाखाली लिहिलंत. (डी-ऑर्बिटल म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन राहतात त्या जागांचा एक प्रकार.) शिवाय नायट्रिक आम्लाच्या दोनच रचना का, याबद्दल आणि माझ्या हस्ताक्षराबद्दलही.

सल्फेटचा भार दाखवणारा कंसाबाहेरचा उणे दोन मोबाइलवर नीट दिसत नाही, हे मान्य. मोठा करतो.

पण 'असल्या मास्तरांमुळे' म्हणजे काय? आपण माझ्या वर्गात कधी बसला होतात? दहावीपर्यंत मराठीतून शिकून रसायनशास्त्राचं इंग्रजी पुस्तक पहिल्यांदाच उघडणारी मुलं माझ्याकडे येतात. उमेदीची सगळी वर्षं त्यांच्यात गेली. त्यांना मी आधी अणूंचे सर्वांत बाहेरचे, बंधात भाग घेणारे इलेक्ट्रॉन मोजायला लावतो. गंधकाचे 6, चार ऑक्सिजनचे 24, भाराचे 2, एकूण 32. चार एकेरी बंधांत 8 गेले, उरलेले 24 ऑक्सिजनवर. आता फॉर्मल चार्ज, म्हणजे बंधातले इलेक्ट्रॉन निम्मे-निम्मे वाटल्यावर अणूवर येणारा हिशेबी भार, काढा : गंधकावर अधिक दोन, प्रत्येक ऑक्सिजनवर उणे एक. मग दोन ऑक्सिजनवरची एकेक जोडी बंधात आणली की गंधक शून्यावर येतो. ते दोन ऑक्सिजन कोणते, याचे पर्याय सहा. सहाही फळ्यावर काढून घेतो, तेव्हा चारही बंध सारखेच का, हे पोराला स्वतःला कळतं. ही घोकंपट्टी? हा शब्द लिहिताना जरा विचार करायला हवा होता.

डी-ऑर्बिटलचा वाटा नगण्य असतो, हे मीही वाचलंय. लेखात त्यांचं नावसुद्धा नाही. रसायनशास्त्रज्ञ लुईसने 1916 मध्ये ठिपके मांडले ते इलेक्ट्रॉनांचा हिशेब लावायला. दुहेरी बंध एकेरीपेक्षा आखूड असतो. सल्फेटमधला बंध 149 पिकोमीटर लांबीचा. सल्फ्युरिक आम्लात हायड्रोजनवाल्या ऑक्सिजनशी असलेला सुमारे 157, नुसत्या ऑक्सिजनशी सुमारे 142. अकरावीच्या मुलाला हे आकडे दुहेरी बंध न काढता समजावून दाखवा, मग बोलू.

नायट्रिक आम्लाच्या दोनच रचना का, हे लेखात आहे : हायड्रोजन बसलेला ऑक्सिजन दुहेरी बंधाच्या वाटणीत येत नाही. पुन्हा वाचा. हस्ताक्षराला उत्तर देत नाही.

आपली रचना बरोबर वाटत असेल तर फॉर्मल चार्जसकट काढून पाठवा, लेखाखाली लावतो. मास्तरांचा उद्धार मात्र इथे चालणार नाही.