दहा दिवसांत गाव पालटत नाही

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की आमच्या सांगली-मिरजेच्या चर्चच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. मथितार्थ असा: परदेशी पाहुण्यांसोबत दहा दिवसांच्या मिशन ट्रिपला चला, जत-आटपाडीकडच्या एखाद्या गावात औषधं वाटू, शाळा रंगवू, सुवार्ता म्हणजे येशूचा संदेश सांगू, गावाचं आयुष्य पालटेल. वानलेस साहेबांनी हेच तर केलं! मी याच चर्चमधला, तरी यातलं जवळपास काहीच मला पटत नाही.

आधी वानलेस, कारण सगळा भार त्यांच्याच नावावर टाकलाय. मिशनरी डॉक्टर विल्यम वानलेस 1889 साली भारतात आले. मिरजेचं रुग्णालय उभं राहिलं ते 1894 साली. 1897 मध्ये त्यांनी इथल्याच पोरांना वैद्यकी शिकवायला सुरुवात केली, आणि परत गेले थेट 1928 साली. जवळजवळ चाळीस वर्षं. सीमेपलीकडच्या कर्नाटकातूनही लोक आज उपचाराला मिरजेची वाट धरतात, त्याचं मूळ त्या शिकवण्यात आणि ठाण मांडून राहण्यात आहे. दहा दिवसांच्या दौऱ्याला त्यांचं नाव कशाला चिकटवायचं?

आता औषधं. शिबिरात बीपी मोजला, जास्त निघाला, म्हातारीच्या हातात गोळ्यांची एक पट्टी ठेवली. ती पट्टी कॅरीबॅगेत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत जाते, आणि डोकं दुखेल त्या दिवशी एक गोळी निघते. बीपीची गोळी रोजची असते हे तिला समजावणार कोण? पट्टी संपली की पुढची कुठून आणायची? क्षयाचे उपचार किमान सहा महिने, कुष्ठरोगाचे प्रकारानुसार सहा किंवा बारा महिने चालतात. दोन्हींची औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. अडतं ते गोळ्या नेमाने पोटात जाण्यावर, आणि ते बघायला पाहुणे नाही, आशाताईच दारात येते. शिवाय परदेशी डॉक्टरला परवानगीशिवाय इथे रुग्ण तपासता येत नाही, हे मेसेजमध्ये कुणी लिहीत नाही.

मला सगळ्यात खटकतं ते वेळापत्रक. पाहुणे डिसेंबर-जानेवारीत येतात, हवा बरी असते म्हणून. नेमका तेव्हा साखर कारखान्यांचा गळीत हंगाम ऐन भरात असतो. जतकडची कितीतरी कुटुंबं कोयता घेऊन ऊसतोडीला फडात गेलेली असतात, बरोबर पोरंही. घरी म्हातारी माणसं आणि दाराला कुलपं. ज्यांच्यासाठी यायचं, ते गावातच नाहीत!

शाळा रंगवायचं तर काय बोलावं. रंगारी तालुक्यात आहेत, त्यांना काम नाही.

पाण्याचंही आश्वासन असतं, एक बोअर मारून देऊ असं. दुष्काळी पट्ट्यात बोअर मारायला पैसा लागतो, पण त्यात पाणी राहायला पाऊस जमिनीत मुरावा लागतो. कोरेगाव तालुक्यातलं वेळू 2016 च्या वॉटर कपमध्ये, म्हणजे गावागावांतल्या पाणी मुरवण्याच्या स्पर्धेत, पहिलं आलं ते गावकऱ्यांच्याच श्रमदानावर.

राहिली सुवार्ता. पर्यटक व्हिसावर आलेल्या परदेशी माणसाला धर्मप्रचार करता येत नाही. नियम मोडला तर पाहुणे विमानाने निघून जातात, पोलिसांच्या चौकशीला तोंड देतो इथला पाळक.

दुसऱ्या बाजूचा मेसेजही येतो, की या सगळ्या ट्रिपा म्हणजे गरिबांना लाभ दाखवून धर्मांतर. आमिष दाखवणारा कुणी असेल तर त्याला मी पाठीशी घालणार नाही. पण अनुसूचित जाती ठरवणाऱ्या राष्ट्रपतींच्या 1950 च्या आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताचं अनुसूचित जातीचं आरक्षण जातं, मग लाभ तो कुठला? आणि 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती एक टक्काही नाहीत.

जायचंच असेल तर मे महिन्यात जा, फडावरून माणसं परतलेली असतात. त्याआधी उपकेंद्रातल्या सिस्टरला फोन करून काय हवंय ते विचारा. आणि विमानाच्या तिकिटांचे पैसे त्याच गावातल्या एखाद्या मुलीच्या नर्सिंगच्या फीला लावा, शिक्षण पुरं होईपर्यंत दरवर्षी.