फुगलेल्या बॅटरीला टाचणी लावू नका

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक मेसेज आला. दोन दिवसांत तोच मला माहेरच्या आणि भिशीच्या ग्रुपवरूनही आला. मजकूर थोडक्यात असा: ‘लॅपटॉपची बॅटरी फुगली तर घाबरू नका. आत नुसती हवा असते. टाचणीने बारीक भोक पाडा, हवा काढा, वर चिकटपट्टी लावा. किंवा रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. मग तीन वेळा शून्यापर्यंत उतरवून पूर्ण चार्ज करा. बॅटरी हेल्थ चांगली दिसत असेल तर बदलायची गरज नाही. टाकायचीच असेल तर मिठाच्या पाण्यात बुडवून कचऱ्यात टाका.’

मी बारा वर्षं लॅपटॉप दुरुस्त करते. या मेसेजमधलं एकही वाक्य पाळण्याजोगं नाही, आणि पहिलं तर जिवावर बेतणारं आहे.

‘आत नुसती हवा असते.’ ती हवा नाही. लॅपटॉपच्या लिथियम-आयन बॅटरीतल्या चपट्या, बंद पिशवीसारख्या सेलमध्ये तांब्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्या थरावर थर बसवलेल्या असतात, मध्ये प्लॅस्टिकचा सच्छिद्र पडदा, आणि सगळं ज्वलनशील द्रावणात भिजलेलं. वय झालं, उष्णता लागली किंवा महिनोन्‌महिने १०० टक्क्यांवर चार्जिंगला राहिली, की ते द्रावण विघटित होतं. त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो, तसे कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, इथिलीन असे पेट घेणारे वायूही निघतात. पिशवी बंद असते, म्हणून ती फुगते. म्हणजे फुगवटा हा आजार नव्हे, आजाराची खूण आहे. वायू काढला तरी बिघडलेलं द्रावण तिथेच राहतं. उलट भोकातून बाहेरची दमट हवा आत जाते, आणि ओलाव्याशी संबंध आला की द्रावणातल्या क्षारापासून हायड्रोजन फ्लोराइड हा विषारी वायू तयार होतो. आपल्या पावसाळ्यात हवेत किती ओल असते ते वेगळं सांगायला नको.

आणि टाचणी. मधला तो पडदा साधारण २० मायक्रॉन जाडीचा, केसापेक्षाही पातळ. तो फाटला की दोन्ही बाजू टाचणीच्या धातूतून थेट जोडल्या जातात आणि आतल्या आत शॉर्टसर्किट होतं. त्या जागी तापमान क्षणात चढतं, उष्णतेने शेजारचे थर बिघडतात, त्यातून आणखी उष्णता. ही साखळी एकदा सुरू झाली की थांबवायला काही बटण नसतं.

यावर हमखास उत्तर येतं, ‘आम्ही केलंय, काही झालं नाही.’ खरं असेल. दोन वर्षांपूर्वी एक निवृत्त शिक्षक अशीच बॅटरी घेऊन आले होते, भोकावर चिकटपट्टी लावलेली. त्यांनी आणलेली पिशवी उघडताच नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर वास आला. मी त्यांना विचारलं, ‘सर, भोक पाडलं तेव्हा चार्ज किती होता?’ म्हणाले, ‘लॅपटॉप तीन महिने बंदच होता, चालूच होत नव्हता.’ तिथेच उत्तर मिळालं. सेलमध्ये साठलेली ऊर्जा जवळजवळ संपलेली होती, म्हणून सर वाचले. तीच बॅटरी पूर्ण चार्ज असती तर त्यांच्या हातात पेटू शकली असती. ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्याला आपण नेमके कशामुळे वाचलो हे बहुधा माहीत नसतं, आणि तोच मेसेज पुढे पाठवतो. माझा सगळा राग यावर आहे.

फ्रीजचं लवकर संपवते. थंडीने वायू आकसतो, फुगवटा थोडा बसल्यासारखा दिसतो, बाहेर काढलं की जैसे थे. वर बाष्प धरून सर्किटवर ओल येते ती वेगळीच. आणि गोठणबिंदूखाली गेलेली बॅटरी तशीच चार्जिंगला लावली तर आत धातुरूप लिथियमचा थर बसू शकतो, म्हणजे नवा धोका.

‘तीन वेळा उतरवून चार्ज करा’ हा सल्ला कुठून आला असेल ते कळतं. त्याने टक्केवारी दाखवणाऱ्या चिपचा अंदाज सुधारतो. सेल सुधारत नाही. फुगलेल्या सेलच्या बाबतीत सगळ्यात टाळायची गोष्ट कुठली असेल तर चार्जिंग. बॅटरी हेल्थचंही तसंच. बॅटरीतलं सर्किट व्होल्टेज, करंट आणि तापमान मोजतं. पिशवी किती फुगली हे मोजणारा सेन्सर लॅपटॉपमध्ये नसतो. स्क्रीनवर ८५ टक्के दिसत असताना टचपॅड वर उचललेला, अशी यंत्रं माझ्या टेबलावर नेहमी येतात. टचपॅड क्लिक होईनासा होणं, सपाट टेबलावर लॅपटॉप डुगडुगणं, खालच्या पत्र्याची फट वाढणं: विश्वास यांच्यावर ठेवा.

असं दिसलं तर शटडाउन करा, चार्जर काढा. झाकण जोर लावून मिटू नका. शहाबादी किंवा टाइल्सच्या फरशीवर, पडदे-गादीपासून लांब, सावलीत ठेवा. एप्रिलमधल्या पुण्याच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत तर मुळीच नको. दुकानात नेताना पुस्तकांनी भरलेल्या सॅकमध्ये कोंबू नका, रिक्षाने न्या. घरी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा मोह टाळा, कारण बऱ्याच बॅटऱ्या गोंदाने चिकटवलेल्या असतात आणि उचकटतानाच भोक पडतं. वास, फुसफुस किंवा धूर जाणवला तर हात लावू नका. घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि १०१ लावा.

मी बॅटऱ्या बसवते म्हणून असं सांगते, असं वाटत असेल तर माझ्याकडून घेऊ नका. तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात घ्या, कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये घ्या, फक्त वरची उत्पादनाची तारीख बघून घ्या. पैशाची ओढाताण असेल तर तेही समजतं. पुष्कळसे लॅपटॉप दुकानात बॅटरी काढून घेतल्यावर नुसत्या अ‍ॅडॉप्टरवर चालतात. महिनाभर तसं काम करा. नवी बसवल्यावर, सतत प्लगला लावून वापरणार असाल तर सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा लावा.

राहिलं मिठाचं पाणी. त्याने टोकं गंजतात, पाण्यातून वायू निघतात, आणि गंजलेल्या टोकांमुळे आतला चार्ज तसाच राहू शकतो. आपल्याला मात्र वाटतं, निर्धोक झाली. ती कचऱ्यात गेली की आधी ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या संस्थेतल्या ताईंच्या हातात पडते, त्या सगळं हाताने वेगळं करतात. पुढे कचरा दाबणाऱ्या गाडीत चेपली गेली तर तिथे पेटू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे, आणि इतर कचऱ्यात न मिसळता वेगळी देण्याची आपल्यावर. काढलेल्या बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा (मेसेजमधली चिकटपट्टी इथे मात्र कामाची), बॅटरी पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, झाकण घट्ट लावू नका, आणि बदलून देणाऱ्या दुकानात किंवा अधिकृत ई-कचरा केंद्रात ‘फुगलेली आहे’ असं तोंडाने सांगून द्या. कुरिअरने पाठवू नका. सरांची बॅटरी मी तशीच डब्यात ठेवून दुसऱ्या दिवशी ई-कचरावाल्यांच्या हाती दिली. त्यांनी डबासुद्धा परत मागू नका म्हणून सांगितलं.