‘दोन दिवस ऊन, वर कडुनिंबाचा पाला’: या मेसेजवर विसंबू नका

सुगी आली की खानापूर, बेळगाव, निपाणीकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरू लागतो. मजकूर थोडक्यात असा: ‘धान्याला दोन दिवस कडक ऊन द्या. गरम असतानाच पत्र्याच्या पिंपात भरा. थराथरात कडुनिंबाचा हिरवा पाला घाला, वर कापराच्या वड्या ठेवा, झाकण घट्ट लावा. दोन वर्षं कीड लागणार नाही. बुरशी दिसलीच तर ऊन दाखवा, पाखडा आणि वापरा. ओलावा मोजायचं यंत्र आणि महागड्या पिशव्या म्हणजे निव्वळ लूट.’

वाळवल्याशिवाय साठवू नये, एवढं त्यात खरं आहे. बाकीचं जसंच्या तसं केलं तर घरचं वर्षाचं धान्य हातचं जाईल, म्हणून एकेक मुद्दा घेऊ.

‘दोन दिवस ऊन पुरे’

ऊन दिवसांवर मोजून चालत नाही, धान्यातलं पाणी मोजावं लागतं. कापणीच्या वेळी भातात साधारण 20 ते 24 टक्के ओलावा असतो. साठवताना तो 13च्या आत हवा. जोंधळा आणि मका 12, सोयाबीन 10 ते 11, मसूर-हरभरा 9 ते 10, भुईमुगाच्या शेंगा 8 टक्के. 20 टक्के ओलाव्याचं एक क्विंटल भात 13 वर आणायचं म्हणजे त्यातून 8 किलो पाणी बाहेर काढायचं. अथणीकडच्या कोरड्या हवेत शाळूला दोन दिवस पुरतीलही. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला भात कापणीच्या दिवसांत सकाळी उशिरापर्यंत दव असतं आणि पाच वाजताच गारवा उतरतो. तिथं हाताशी खरं ऊन पाच-सहा तासांचंच. त्यात परतीचा पाऊस आला तर दोन दिवसांचा हिशेब कोलमडतोच.

थर किती जाड, यावर सगळं अवलंबून आहे. भात दोन बोटं, म्हणजे सुमारे 3 सेंटिमीटर जाडीनं पसरलं तर एका चौरस मीटरला 17 किलोच्या आसपास बसतं. क्विंटलला सहा चौरस मीटर जागा लागते, 8 बाय 6 मीटरच्या ताडपत्रीवर आठ क्विंटल. त्याच ताडपत्रीवर वीस क्विंटल ओतलं की वरचं करपतं आणि खालचं ओलं राहतं. दर अर्ध्या तासाला पायानं किंवा फावडीनं हलवा, खालचं वर यायला हवं. ताडपत्री कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात सवलतीत मिळते, तिथं चौकशी करा. डांबरी रस्ता नको: धान्य फार तापतं, खडे मिसळतात, चाकाखाली दाणा फुटतो आणि फुटलेल्या दाण्याला कीड आधी लागते.

आता कणीचं. गिरणीत भाताची कणी जास्त पडली की दोष गिरणीवाल्याला दिला जातो. पुष्कळदा चूक वाळवणीत झालेली असते. दिवसा वाळलेला दाणा रात्री दव पितो, बाहेरून फुगतो आणि आतून तडकतो. वाळवलेल्या भाताचे दहा-बारा दाणे हातानं सोलून तांदूळ उजेडाकडे धरा. दाण्यावर आडवी बारीक पांढरी रेघ दिसली तर तो दाणा गिरणीत मोडणार. म्हणून चार-साडेचारलाच भात गोळा करून ढीग लावा. गरम ढिगावर थेट ताडपत्री टाकली की आतली वाफ तिला चिकटून पाणी खाली ठिबकतं. आधी गोणपाट, त्यावर ताडपत्री.

ओलावा दातानं चावून कळतो हा समज धोक्याचा आहे; 12 आणि 15 टक्क्यांतला फरक दाताला कळत नाही. यंत्र नसेल तर मिठाची चाचणी करा. बारीक मीठ तव्यावर चांगलं कोरडं करा आणि गार होऊ द्या. काचेची कोरडी बरणी एक तृतीयांश भाताने, जोंधळ्याने किंवा मक्याने भरा, दोन-तीन चमचे मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तर फक्त 15च्या खाली आलंय एवढंच कळतं, 12 झालेत असं नाही. अजून एक पुरं ऊन द्याच.

‘गरम असतानाच भरा, झाकण घट्ट लावा’

मेसेजमधला सगळ्यात महागात पडणारा सल्ला हाच. गरम धान्यातून वाफ वर चढते, रात्री पत्र्याचं झाकण गार पडतं आणि त्याच्या आतल्या बाजूला पाण्याचे थेंब धरतात. ते खाली टपकून वरच्या चार बोटांच्या थराला बुरशी आणतात. धान्य आधी सावलीत पातळ पसरून गार करा आणि दव पडायच्या आत, त्याच संध्याकाळी भरा. पिंप उन्हाच्या भिंतीला लावू नका, खाली लाकडी पाट किंवा विटा ठेवा.

हवाबंद म्हणजे सुरक्षित, हे अर्धंच खरं आहे. हवाबंद केल्यानं धान्य वाळत नाही, आतलं पाणी आतच कोंडतं. बियाणे प्रमाणीकरणाचे देशातले मानक पाहा: साध्या पिशवीतल्या भाताच्या बियाण्याला 13 टक्के ओलावा चालतो, हवाबंद डब्यात 8च. सोयाबीनला 12 आणि 7. म्हणजे जितकं घट्ट बंद कराल, तितकं जास्त वाळवावं लागेल. ओलं धान्य कोंडलं की आंबूस वास येतो आणि उगवण मरते.

‘महागड्या पिशव्या ही लूट’

नीट वाळलेल्या धान्याला या हवाबंद पिशव्या उपयोगी पडतात. आत प्लास्टिकची दोन अस्तरं, बाहेर विणलेलं पोतं. कीड आणि धान्य मिळून आतला ऑक्सिजन संपवतात, मग किडीची वाढ थांबते आणि ती मरते. म्हणून पिशवी गच्च भरा, हवा दाबून काढा, प्रत्येक अस्तर पिळून दुमडून वेगळं बांधा. आठवड्याला उघडून बघायची सवय असेल तर पैसे वाया जातील, कारण दर वेळी ताजी हवा आत जाते. उंदरानं एक भोक पाडलं तरी तेच होतं.

‘कडुनिंबाचा हिरवा पाला, वर कापूर’

हिरव्या पाल्यात वजनाच्या निम्म्याहून जास्त पाणी असतं. क्विंटलभर धान्यात दोन किलो पाला घातला तर किलोभर पाणी परत आत गेलं. पाला घालायचाच तर सावलीत कडकडीत वाळवलेला घाला, आणि त्यावर भिस्त ठेवू नका: वासानं थोडी कीड दूर राहील, पण दाण्याच्या आत असलेल्या सोंड्या किड्याच्या अळीला तो पोचत नाही. कापराचंही तसंच. डांबराच्या गोळ्या तर खायच्या धान्यात कधीच नकोत.

मसूर, हरभऱ्याचा भुंगा बहुतेकदा शेतातूनच येतो. दाण्यावर पांढरा ठिपका चिकटलेला दिसला तर ते अंडं. अळी तिथूनच आत शिरते, आतच वाढते आणि महिनाभरात भुंगा गोल भोक पाडून बाहेर येतो. वरवरच्या वासाचा तिला काय त्रास? त्यापेक्षा हे करा: खाली काळं प्लास्टिक, त्यावर आधीच वाळलेल्या कडधान्याचा 2 सेंटिमीटरचा थर, वर पारदर्शक प्लास्टिक, कडांवर दगड. स्वच्छ उन्हात 11 ते 3 ठेवलं की आतलं तापमान 57 अंशांच्या वर जातं. तासभर तसं राहिलं की अंडी-अळ्या मरतात. बियाणं असेल तर आधी मूठभरावर करून उगवण तपासा. घरच्या डाळीसाठी किलोला 5 मिलि खाद्यतेल चोळणं ही जुनी रीतही चांगली, कारण तेलकट दाण्यावर अंडी नीट धरत नाहीत. ती नियमानं पाळा.

जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून वाळवूनच भरा, आणि गेल्या वर्षीचं उरलेलं धान्य नव्यात मिसळू नका. कीड इथूनच जास्त पसरते.

‘बुरशी आली तर ऊन दाखवून वापरा’

हे अजिबात करू नका. मका आणि भुईमुगावर येणारी हिरवट बुरशी अफलाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ऊन, पाखडणं, भाजणं, शिजवणं यांनी बुरशी दिसेनाशी होते, विष मात्र राहतं. यकृताला ते बाधतं. असा मका म्हशीला घातला तर विषाचा अंश दुधात उतरतो, म्हणून वैरणीतही नको. बुरशी धरलेला थर शेजारच्या चार बोटांसकट काढून पुरा. उरलेलं वेगळं ठेवून दोन दिवसांनी वास घ्या आणि हात घालून बघा. मध्ये कुठं गरम लागलं तर ओलावा अजून आहे.

‘यंत्र कशाला?’

पाच-सहा घरांनी मिळून एक घ्या. वापरताना पीक निवडायचं बटण नीट लावा, भाताच्या सेटिंगवर सोयाबीन मोजलं तर आकडा चुकतो. उन्हातून आणलेलं धान्य तासभर सावलीत गार करून मोजा. पोत्याच्या तोंडचं एकदाच मोजू नका: वर, मध्ये, तळाशी आणि ढिगाच्या कोपऱ्यातलं, अशी निदान पाच ठिकाणं घ्या. त्यांतला सर्वात मोठा आकडा धरा, सरासरी नको, कारण बुरशी सरासरीवर नाही, त्या एका ओल्या कोपऱ्यात लागते.

साठवलेल्या धान्यातली कीड विषारी वायूनं मारणाऱ्या फॉस्फाइडच्या गोळ्यांबद्दल मेसेज गप्प आहे. त्या घरच्या कोठीत टाकायच्या नाहीत. त्यांच्यापासून निघणारा वायू माणसाला मारतो. प्रशिक्षित माणसानं, राहत्या घरापासून लांब, सर्व फटी बंद करूनच ते काम करायचं असतं.