मी ग्रुपवर टाकलं होतं

सोमवारपासून तुमच्या शर्टाचा रंग बदलला, खिशाला दोन पेनं आली, आणि कँटीनमध्ये ज्यांच्या ताटातला पापड तुम्ही बिनदिक्कत उचलायचात ते "या साहेब" म्हणून बाकावर सरकायला लागले. म्हणजे तुम्ही सुपरवायझर झालात. आता एचआरवाले तुम्हाला एसी हॉलमध्ये बसवून 'इफेक्टिव्ह कम्युनिकेशन' शिकवतील. समोसा देतील, सर्टिफिकेट देतील. दोन्ही घ्या. मग लाइनवर परत आलात की माझं ऐका. भोसरी-चाकण पट्ट्यात अठरा वर्षं काढलीत मी.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपण कामगाराला काही सांगतो ते त्याला कळावं म्हणून, हा गैरसमज आहे. उद्या प्रॉडक्शन मीटिंगमध्ये प्लांट हेडनी विचारलं की "मी सांगितलं होतं, सर" असं छातीठोकपणे म्हणता यावं, म्हणून सांगायचं. एवढं पटलं की बाकीचं अंगवळणी पडतं.

सूचना चालता चालता द्यावी, जमल्यास कॉम्प्रेसरशेजारी. थांबून, तोंडाकडे बघून सांगितलंत तर माणूस प्रश्न विचारतो. आकडा तर तोंडातून जाऊच देऊ नका. "साडेचारपर्यंत चाळीस जॉब" (म्हणजे मशीनवर बनणारे सुटे भाग) म्हणालात की तो आकडा उद्या तुमच्याच मानेवर बसतो. त्यापेक्षा "तेवढं जरा लवकर करून टाका" म्हणा. मराठीत 'जरा'सारखा सोयीचा शब्द नाही. दोन मायक्रॉनपासून दोन तासांपर्यंत काहीही त्यात मावतं.

माझंच उदाहरण देतो. तेव्हा मी नवा होतो. कंपनीचं नाव कशाला हवं? सीएनसी नंबर सातवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सात नंबरच्या मशीनवर, इन्सर्ट (धातू कापणारं पातं) लवकर घासत होती. मशीन लावून देणाऱ्या सेटरनं मला तीन वाजता व्यवस्थित सांगितलं होतं, दर दहाव्या जॉबला बोअर, म्हणजे आतलं भोक, मोजायचा आणि लहान यायला लागला की ऑफसेट द्यायचा, म्हणजे मशीनमध्ये तेवढा फरक भरायचा. साडेतीनला शिफ्ट सुटायची आणि गेटबाहेर बस उभी असायची. मी हँडओव्हरच्या वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं, "मशीन ७ – जरा लक्ष ठेवणे". खाली सही केली, वेळ टाकली आणि खिडकीची सीट पकडली.

सेकंड शिफ्टला मामा होते. रिटायर व्हायला दोन वर्षं राहिलेली, आणि ती वही खरोखर वाचणारा प्लांटमधला बहुधा एकमेव माणूस. सकाळी येऊन बघतो तर पिवळ्या ट्रे एकावर एक रचलेल्या. १८६ जॉब रिवर्कला, म्हणजे परत मशीनवर चढवायला. बोअर लहान आलेला; तो तपासायच्या प्लग गेजचं 'गो' टोक, जे आत जायलाच हवं, ते जाईना. दुपारी मामा गेटातून आत येताच मी आवाज चढवला, "लिहिलं होतं ना, लक्ष ठेवा म्हणून?"

"ठेवलं की साहेब. स्टूल टाकून समोरच बसलो होतो. जेवायला गेलो तेव्हा हेल्परला बसवून गेलो. मशीन एकदासुद्धा थांबली नाही."

मीटिंगमध्ये मी वहीचं पान उघडून दाखवलं. सही होती, वेळ होती. सुटलो.

वहीचा विषय निघाला की सेफ्टीवाले हमखास पायपर अल्फाची गोष्ट काढतात. उत्तर समुद्रातला तेल-वायूचा प्लॅटफॉर्म, ६ जुलै १९८८. दिवसाच्या शिफ्टनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता. त्याचं परमिट रीतसर लिहिलेलं होतं, पण रात्रीच्या लोकांना ते कुणी बोललं नाही. रात्री दुसरा पंप बंद पडला, म्हणून त्यांनी हा चालू केला. वायू गळला, स्फोट झाला. १६७ माणसं गेली. गोष्ट ऐकताना चेहरा गंभीर ठेवावा. आणि मनातल्या मनात नोंद घ्यावी की कागद मात्र जागेवर होता.

तर मामांना वॉर्निंग लेटर मिळालं. ते इंग्रजीत होतं. मामांनी ते माझ्याकडूनच वाचून घेतलं.

भाषेचं म्हणाल तर १९४८च्या कारखाने अधिनियमात, कलम १०८मध्ये, कारखान्यात लावायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत असाव्यात, असं लिहून ठेवलं होतं. भाबडे लोक. तुमच्या लाइनवर बिहार, ओडिशा, लातूर, बीड असे सगळीकडचे कॉन्ट्रॅक्टचे पोरगे असतात. त्यांच्यासाठी आपली हिंदी आहेच: "वो वाला जॉब उधर रख, और वो जो है ना, वो मत लगाना." पोरगा "जी सर" म्हणतो. 'जी सर' ही पावती समजून खिशात टाका. "तुला काय कळलं ते सांग बरं" असल्या भानगडीत पडू नका. ती सवय वैमानिकांची. टॉवरची सूचना ते परत म्हणून दाखवतात. १९७७ साली स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या विमानतळावर टॉवरचा 'ओके' कॉकपिटपर्यंत पोचला आणि पुढचं 'थांबा, मी सांगतो' रेडिओच्या खरखरीत बुडालं. दोन जंबो धडकली, ५८३ जण मेले. त्यानंतर विमानवाले शब्दांच्या बाबतीत फार काटेकोर झाले. होऊ देत. आपल्याकडे कुठं विमानं आहेत? आपल्याकडे पत्र्यावर ठोका मारणारी पॉवर प्रेस आहे, तिथं फार तर बोटं जातात.

आता व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सूचना रात्री पावणेबाराला टाकावी. सकाळी ती गुलाबाची फुलं आणि सुविचारांखाली गाडली जाते, पण वेळेसकट शाबूत राहते, आणि आपल्याला तेवढंच हवं असतं. एकाची चूक असेल तर त्याला बाजूला घेऊन बोलू नये. ग्रुपवर "काही लोकांना सांगून कळत नाही" असं टाकावं. दीडशे जण रात्रभर विचार करतात, आपण तर नाही ना? लाइनवर मोबाइलला बंदी आहे आणि फोन गेटच्या लॉकरमध्ये पडलेले असतात, हे तुम्हाला ठाऊक आहे. ग्रुपला ठाऊक असण्याचं कारण नाही.

रिजेक्शन आलंच तर क्वालिटीवाले व्हाय-व्हायचा फॉर्म आणतात. टोयोटानं जगाला शिकवलेली रीत, पाच वेळा 'का' विचारायचं. हा फॉर्म खालून वर भरतात. शेवटच्या रकान्यात "ऑपरेटरचे दुर्लक्ष" लिहून घ्यायचं आणि मग त्याच्याकडे जाणाऱ्या चार पायऱ्या वर बांधायच्या. उपाय: "ऑपरेटरला ट्रेनिंग दिले". सोबत सह्यांचा कागद.

हे झालं वरून खाली. खालून वर येणाऱ्या गोष्टींना एकच उत्तर, "बघतो". समजा कुणी म्हणालं, "साहेब, प्रेसमध्ये हात गेला की मशीन थांबवणारा गार्डचा सेन्सर मधूनमधून मरतोय." नाही म्हणालात तर वाईट दिसतं, हो म्हणालात तर मेंटेनन्सशी भांडण. 'बघतो' म्हणा. आठवड्यानं तो परत येतो. 'बघतो म्हटलं ना.' तिसऱ्यांदा येतो, तेव्हा फोन कानाला लावून नुसती मान हलवा. चौथ्यांदा येत नाही. मग मीटिंगमध्ये तुम्ही खुशाल सांगू शकता, "लाइनवरून एकही तक्रार नाही, सर."

मामा दोन वर्षांनी रिटायर झाले. कँटीनमध्येच कार्यक्रम होता, वडा-पाव आणि पेढा. शाल-नारळ माझ्या हस्ते. भाषणात मी म्हणालो की मामांना कधी एक गोष्ट दोनदा सांगावी लागली नाही. टाळ्या पडल्या. खांद्यावर शाल घालताना मामा माझ्या कानाशी आले.

"साहेब, रागावणार नसाल तर एक विचारू? त्या दिवशी लक्ष कशावर ठेवायचं होतं?"

मी म्हटलं, "मामा, फोटोकडे बघा."