'गूगल डॉक्टर' म्हणणाऱ्या वाचकांना

अडल्ट-ऑनसेट स्टिल्स डिसीज, म्हणजे मोठेपणी होणारा ताप-पुरळ-सांधेदुखीचा दुर्मिळ आजार, यावरच्या माझ्या लेखावर तुम्ही लांबलचक प्रतिक्रिया दिलीत. तिच्यातलं एकच वाक्य डोक्यातून जात नाही : 'गूगल डॉक्टरांनी फेरिटिन-फेरिटिन करून साध्या तापाच्या लोकांना लॅबच्या रांगेत उभं करू नये.'

पटलं ते आधी सांगतो. फेरिटिन, म्हणजे लोह साठवणारं प्रथिन, या आजारात रक्तात खूप वाढतं; पण ते डेंग्यूतही वाढतं, यकृत बिघडलं तरी वाढतं. हा आजार ओळखायच्या यामागुचींच्या १९९२ च्या निकषांत तर ते नाहीच. मान्य. पण हेच सरळ शब्दांत सांगता आलं नसतं का? ओळख ना पाळख, थेट 'गूगल डॉक्टर'?

आणि साधा ताप कशाला म्हणता हो? आमच्या हिला रोज संध्याकाळी १०३ चढायचा, सकाळी अंग गार. विडाल पॉझिटिव्ह आली म्हणून टायफॉइडची औषधं झाली, मग टीबीची शंका. ताप चढला की पोटावर, दंडावर फिकट गुलाबी पुरळ उठायचं, परकराच्या नाडीखाली जास्त. सकाळी राउंडला डॉक्टर येईपर्यंत गायब. नर्स म्हणाली, घामोळं असेल, नाशिकचा मे महिना आहे. शेवटी मी संध्याकाळी मोबाइलवर फोटो काढले आणि कालनिर्णयाच्या चौकोनांत वेळेसकट ताप लिहायला लागलो. ते बघून संधिवाताच्या डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, "सुरुवातीला घसा दुखत होता का?" दुखत होता! सांधेही धरले होते. पांढऱ्या पेशी २०,००० च्या वर, आरए फॅक्टर आणि एएनए या बाकीच्या संधिवातांच्या रक्ततपासण्या निगेटिव्ह. फेरिटिन त्यांनी सांगितलं, मी नाही. तरीही ब्लड कल्चर, सीटी, बोन मॅरो झाल्याशिवाय त्यांनी आजाराचं नाव घेतलं नाही की स्टिरॉइड दिलं नाही. जंतुसंसर्ग, कॅन्सर, बाकीचे संधिवात वगळल्याशिवाय हे निदान करायचंच नसतं. लेखात तिसऱ्या परिच्छेदात हेच लिहिलंय. तिथवर वाचायचे कष्ट घेतले असतेत तर!



'माझ्या घरात दोन एमडी आहेत' असंही लिहिलंयत. छान. त्यांना एवढंच विचारा, संध्याकाळचं पुरळ सकाळच्या राउंडला कसं दिसणार? उत्तर मिळालं तर इथेच टाका. नावानिशी टाकलंत तर बरं, 'एक हितचिंतक' म्हणून नको.